खोकल्याचा हिशोब

खरं सांगतो, मी नाटकाला झोपायचो. म्हणजे घोरायचो वगैरे नाही, पण दुसऱ्या अंकात एकदा तरी मान पडायचीच. बाबा नाटकवेडे, लहानपणी आम्हा दोघा भावांना धरून न्यायचे, आणि मला त्यातलं आठवतं ते फक्त मध्यंतरातला बटाटेवडा आणि तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार. मोठेपणी तर माझं ठाम मत होतं की नाटक म्हणजे एका सोफ्याभोवती चार माणसं दोन तास मोठमोठ्याने बोलणार, आणि तेवढ्याच पैशात सिनेमात निदान एखादी गाडी तरी उलटते.

2024 च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली. आयटीतली, त्यामुळे फार काही वेगळं घडलं असं नाही, आमच्या फ्लोअरवरचे बरेच जण गेले. घरी बसून बसून बायकोच्या नजरेला नजर देता येईना तेव्हा एका मित्राने त्याच्या मामांची गाठ घालून दिली. मामा नाटकाचे व्यवस्थापक. पेपरातल्या जाहिरातीत सगळ्यात खाली 'सूत्रधार' म्हणून ज्यांचं नाव येतं ना, ते. मला वाटायचं सूत्रधार म्हणजे नांदी झाल्यावर येऊन नटीशी बोलतो तो. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "तो नटीशी बोलायचा, मी टेम्पोवाल्याशी बोलतो."

मामांना हिशोबाला माणूस हवा होता. त्यांचा सगळा कारभार एका जाड डायरीत आणि ती डायरी त्यांच्याशिवाय कोणालाच वाचता यायची नाही, आणि नवीन नाटक येत होतं, निर्मात्याने सांगून ठेवलेलं की या वेळी सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे. मी म्हटलं दोन महिने करतो, तोवर नोकरी मिळेलच. (नाटकाचं नाव सांगत नाही. मामांना आवडणार नाही, आणि पुढे मी काही गोष्टी सांगणार आहे त्या आवडणार नाहीतच.)

माझ्या डोक्यात होतं की नाटक कंपनी म्हणजे एक ऑफिस असेल, बोर्ड असेल, सगळे नट तिथे पगारावर असतील. प्रत्यक्षात दादरला एक खोली, तीही दुसऱ्या कोणाच्या तरी धंद्यात अर्धी, एक गोदरेजचं कपाट आणि भिंतीवर जुन्या नाटकांची पोस्टरं. बाकी कंपनी कुठेच नाही. म्हणजे आहे, पण ती फक्त प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी जमते आणि रात्री साडेअकराला विस्कटते. पूर्वी तसं नव्हतं म्हणे. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली त्या काळात कंपनी म्हणजे खरंच बिऱ्हाड, माणसं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, गावोगाव मुक्काम हलवायची, आणि मालक कर्जात बुडाला की सगळेच बुडायचे. आता प्रत्येक जण सुटा. नट, मेकअपवाले, कपडेपटवाले, लाइटवाले, म्युझिकवाला, सेटवाले, सगळ्यांना 'नाइट' मिळते. नाइट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, मग प्रयोग दुपारी तीनचा असला तरी नाइटच. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर घरी. आणि तालमीचे दीडदोन महिने आमच्याकडे बहुतेकांनी नुसत्या चहावर आणि प्रवासखर्चावर काढले.

हे सगळं मी एक्सेलमध्ये भरायला लागलो आणि पहिल्यांदा मला त्या सोफ्याचा थोडा आदर वाटला. थिएटरचं भाडं, टेम्पो, नाइटी, पेपरची जाहिरात (ही इतकी महाग असते की मामा एकेक शब्द मोजून काढायचे, 'हास्यस्फोटक'मधलं 'स्फोटक' एका आठवड्यात गेलं), लेखकाचं मानधन, खाणं, इस्त्री. आणि उत्पन्नाला वरून झाकण. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, वर गेलं की आहे, म्हणून आमचं सगळ्यात महाग तिकीट बरोब्बर 500. पुढच्या रांगा 500, मग 400, बाल्कनी 300. म्हणजे थिएटर गच्च भरलं तरी आकडा किती होणार हे आधीच माहीत, आणि ते काही रोज भरत नाही. मी मामांना विचारलं, मग यात सुटतं काय? मामा म्हणाले, "कधी कधी नाटक सुटतं."

ते वाक्य मला चार महिन्यांनी कळलं.

मामांचं खरं काम तारखांचं. महापालिकेच्या थिएटरांच्या तारखा काही महिन्यांच्या एकदम वाटल्या जातात, त्यात शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे. थिएटर मिळालं तर आमच्या मुख्य नटाचं सिरियलचं शूटिंग घोडबंदरला, ते सुटलं तर धाकट्या मुलीचं काम करणाऱ्या मुलीची परीक्षा, दोघं मिळाले तर म्युझिकवाला दुसऱ्या नाटकाबरोबर गोव्याला गेलेला. एकच म्युझिकवाला तीन नाटकं करतो, लाइटवाल्याचंही तसंच. मामा फोनवर अशा आवाजात बोलायचे जणू लग्न जमवतायत. "अहो तुमचा सतरा तारखेचा मुलगा आम्हाला द्या, आमचा चोवीसचा घ्या." मी आपलं एक छान रंगीबेरंगी कॅलेंडर बनवून दिलं. त्यांनी कौतुक केलं, प्रिंट काढून भिंतीला लावलं, आणि डायरीतच लिहीत राहिले.

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये, बाकं भिंतीला सारून. जमिनीवर खडूने घर आखलेलं. इथे दार, इथे खिडकी, इथे स्वयंपाकघरात जायची वाट. दोन खुर्च्या म्हणजे सोफा. मी बिलं घेऊन गेलो आणि सरळ हॉल ओलांडून दिग्दर्शकाकडे चालत गेलो तर सगळे ओरडले, "अरे भिंतीतून काय येतोयस!" गंमत अशी की पंधरा दिवसांनी मीसुद्धा दारातूनच जायला लागलो, कोणी नसतानाही. कोणीतरी चहा आणायचा तोही खडूच्या दारापाशी कप सांभाळत वळून आत यायचा.

नाटक साधं होतं. वडील, दोन मुली, एक जावई, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, घर रिकामं करायचंय, आणि आई गेलेली आहे. पहिला अंक संध्याकाळी, दुसरा त्याच रात्री. मी ते तालमीत इतक्यांदा ऐकलं की झोपेत संवाद म्हणायचो, आणि तरी मला काही वाटायचं नाही. हसू यायचं तिथे हसायचो, कारण बाकीचे हसायचे. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून पास होऊन आली तेव्हा जास्त आनंद झाला, निदान तो कागद तरी फाइलला लावता आला.

शुभारंभाचा प्रयोग मे महिन्यात. नारळ, नटराजाची पूजा, वडिलांचं काम करणारे ज्येष्ठ नट, ज्यांनी आयुष्यात हजारो प्रयोग केलेत, ते विंगेत उभे आणि त्यांचे हात चक्क थरथरतायत. पडद्याआडून अनाउन्समेंट, "रंगदेवतेला आणि नाट्यरसिकांना विनम्र अभिवादन करून सहर्ष सादर करीत आहोत", आणि वाकून त्यांनी स्टेजला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि पडदा उघडला तेव्हा तो माणूस नव्हताच तिथे, कोणीतरी रिटायर्ड हेडक्लार्क पेपर वाचत बसला होता. मी म्हटलं अरे! पण मग मला टेम्पोवाल्याला पैसे द्यायला जावं लागलं.

आता लाइटवाल्या दादाबद्दल. दादा मूळचा कोल्हापूरचा, तीसेक वर्षं नाटकाला लाइट करतोय. प्रकाशयोजना करणारे वेगळे असतात, त्यांचं नाव पोस्टरवर येतं, पण रोज प्रयोगाला डिमरवर, म्हणजे लाइट कमीजास्त करायच्या बटणांवर, बसणारा दादा. मी एकदा त्याच्याकडे पंख्याला हवा येते म्हणून जाऊन बसलो आणि मोबाइलवर नोकऱ्या शोधायला लागलो. दादा स्टेजकडे बघतच म्हणाला, "लेका, एवढं एक्सेल एक्सेल करतोस, तर खोकला मोज की."

मला कळेना. तो म्हणाला, ऐक. ऐकलं. खरंच, पाचव्या मिनिटाला एक, सहाव्याला दोन, मग एकदम चार-पाच जण, मग बराच वेळ कोणीच नाही. दादाचं म्हणणं, खोकला घशातून येत नाही, कंटाळ्यातून येतो. माणूस गुंतला की घसा आपोआप गप्प बसतो, सैल सुटला की आठवण होते, अरे आपल्याला खोकायचंय. एकाने खोकलं की त्याची परवानगी बाकीच्यांना. नाटक कुठे धरून ठेवतं आणि कुठे सोडतं हे नटाला शेवटी कळतं, दिग्दर्शकाला नंतर कळतं, समीक्षकाला बहुतेक कळतच नाही, पण डिमरवरच्याला खोकल्यावरून रोज कळतं.

मला काम नव्हतंच प्रयोग चालू असताना. मी शीट बनवली. उभे प्रवेश, आडवे प्रयोग, आणि तीन रकाने: हशा, खोकला, मोबाइलचा उजेड. नंतर चौथा रकाना वाढवला, 'खुर्च्यांचा आवाज', कारण लोक कंटाळले की आधी बूड हलवतात मग खोकतात, हा माझा स्वतःचा शोध आहे आणि दादाने तो मान्य केलेला आहे.

आणि इथे माझं झोपणं बंद झालं. कारण मोजायचं तर ऐकावं लागतं आणि ऐकायला लागलो तर लक्षात आलं की रोजचं नाटक रोज वेगळं आहे. तेच शब्द, त्याच जागा, तरी शनिवारी डोंबिवलीला ज्या वाक्यावर छप्पर उडालं त्याच वाक्यावर रविवारी दादरला सन्नाटा, आणि त्याच्या पुढच्या, ज्यात काहीच विनोद नाही अशा वाक्यावर बायका फुटल्या. पुण्याला बालगंधर्वला हशा अर्धा सेकंद उशिरा यायचा. मी हे वडिलांचं काम करणाऱ्या काकांना घाबरत घाबरत विचारलं, तर ते मेकअप पुसता पुसता म्हणाले, त्यांनाही ते माहीत असतं, पहिल्या दोन हशांत ते थिएटरचा अंदाज घेतात. हशा चढताना बोलायचं नाही, पूर्ण उतरेपर्यंत थांबायचंही नाही, मग गार पडतं, उतरायला लागला की तेवढ्यात पुढचं वाक्य टाकायचं. म्हणजे ते दोन तास नुसते बोलत नाहीत, सातआठशे लोकांचं ऐकत बोलतायत. आणि आपण खुर्चीत बसून समजतो आपण बघणारे, आपला काय संबंध.

मी विंगेत जायला लागलो मग. समोरून जे घर दिसतं त्याची पाठ बघण्यासारखी असते. लाकडी चौकटी, त्यावर कापड, यांना फ्लॅट म्हणतात, आणि मागे खडूने लिहिलेलं 'उ 1', 'उ 2', 'डा 4', म्हणजे उजवीकडचा पहिला, डावीकडचा चौथा. सेटवाल्यांचं अक्षर पावसात पुसायचं म्हणून मी मार्करने सगळे आकडे परत लिहून काढले, सुवाच्य. सेटचं दार मात्र भारी डोकेदुखी. जुलैच्या पावसात टेम्पोत भिजून ते फुगलं, आणि मग ते नुसतं ढकलून उघडायचं नाही, कडी धरून किंचित वर उचलायचं आणि मग खांद्याने ढकलायचं. सगळ्या नटांना ते शिकावं लागलं. जावयाचं काम करणारा तर त्या उचलण्याचासुद्धा लाफ्टर घ्यायला लागला.

घड्याळाची गोष्ट सांगायलाच हवी, ती माझी चूक आहे. सेटच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, सात वीसला बंद. मला वाटलं, एवढा खर्च करतात आणि सेल टाकत नाहीत. मी माझ्या पैशाने नवा सेल आणून टाकला, कोणाला न सांगता, चांगुलपणाने. पहिला अंक निम्मा झाल्यावर शांततेची एक जागा आहे, धाकटी मुलगी म्हणते की मी या घरात परत येणार नाही, आणि मग कोणीच काही बोलत नाही. त्या शांततेत वर टांगलेल्या माइकमधून अख्ख्या थिएटरभर टिक, टिक, टिक. विंगेतून दिग्दर्शक माझ्याकडे, मी म्युझिकवाल्याकडे, म्युझिकवाला हात वर करून 'मी नाही'. आणि कहर म्हणजे दुसऱ्या अंकाला घड्याळ साडेनऊवर हाताने लावायचं असतं, ते ब्लॅकआउटमध्ये लावलं खरं पण ते चालूच, त्यामुळे शेवटच्या प्रवेशात जिथे नाटकातले वडील म्हणतात "दहा वाजले, झोपा आता", तिथे घड्याळात दहा चाळीस. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्यांदा सांगितलं, "पावणेअकरा होत आले!" प्रयोगानंतर मामा काही बोलले नाहीत. सेल काढून माझ्या खिशात घातला फक्त. त्यात एक बाई आत भेटायला आल्या आणि म्हणाल्या की ती टिकटिक फार सुंदर वापरलीय, आईची आठवण आली. दिग्दर्शक दोन दिवस विचारात पडला होता.

29 जूनची रात्र माझ्या शीटमध्ये पिवळ्या रंगात आहे. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल आणि आमचा शनिवार रात्रीचा प्रयोग डोंबिवलीत. प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता, निम्मासुद्धा गेला नव्हता, प्रयोग रद्द करायचा का यावर संध्याकाळपर्यंत खल, पण थिएटरचं भाडं भरलेलं. जे आले ते बहुतेक बायका आणि ज्येष्ठ नागरिक, आणि काही नवरे जे स्पष्टपणे शिक्षा म्हणून आले होते. खोकला चार, मोबाइलचा उजेड एकतीस. मध्यंतरात कोणी वड्याला हात लावला नाही. शेवटी पडदा पडला तेव्हा शेवटची षटकं चालू होती, टाळ्या वाजवता वाजवता लोक लॉबीकडे पळाले, आणि सेट सोडणारी मुलं टेम्पोच्या बॉनेटवर मोबाइल उभा करून एक डोळा तिकडे ठेवून फ्लॅट उतरवतायत. सूर्याचा तो कॅच झाला तेव्हा 'उ 2' त्यांच्या हातात होता. तो खाली पडला, कोपरा मोडला, आणि त्या रात्री मामा त्याबद्दलही कोणाला काही बोलले नाहीत.

पण कंपनी म्हणजे काय ते मला रविवारच्या डबल प्रयोगाने शिकवलं. दुपारी साडेतीनला दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृह, रात्री साडेआठला बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. मध्ये तोच सेट, तीच माणसं, आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे. दुपारचा पडदा पडल्या पडल्या, नट अजून नमस्कार करतायत तोवर मागच्या बाजूने फ्लॅटना टेकू देणारे ब्रेस सुटायला लागलेले. सोफा, मग कपाट, मग दार, मग फ्लॅट, टेम्पोत काय आधी आणि काय नंतर याचा क्रम ठरलेला, कारण तिकडे उतरताना जे आधी लागणार ते शेवटी चढलं पाहिजे. कपडेपटवाले काका बसमध्ये बसून ओला शर्ट खिडकीला धरून वाळवतायत, पहिल्या अंकात वडिलांच्या अंगावर पाणी सांडतं आणि दुसरा शर्ट आणायचं कोणी आठवणीने केलं नव्हतं. ताई, म्हणजे मोठ्या मुलीचं काम करणारी, ती मागच्या सीटवर आडवी. बोरिवलीला बाहेर लोक जमलेले, आत सेट निम्मा उभा, लाइट फोकस करायला दादाला हवी पंचवीस मिनिटं आणि हातात पंधरा. मी, एमसीए, दहा वर्षांचा अनुभव, गुडघ्यावर बसून ब्रेसवर वजनं ठेवत होतो. तिसरी घंटा सात मिनिटं उशिरा झाली. मामांना ती सात मिनिटं इतकी लागली की ते स्वतः बाहेर जाऊन लोकांची माफी मागून आले. आणि पडदा उघडला तर वडील पेपर वाचत निवांत बसलेले, जसे काही तिथे सकाळपासून बसलेत.

ऑगस्टमध्ये एक गोष्ट झाली ती नाटकाशी थेट संबंधित नाही, पण ती मला वगळता येत नाही. 8 ऑगस्ट, गुरुवार. रात्री ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळतंय. 1915 सालचं, शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. आणि दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवराव भोसल्यांची जयंती. ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंग टाकणारे लोक, कोणीच काही लिहिलं नाही, नुसते व्हिडिओ. शनिवारी प्रयोगाला दादा वेळेवर आला, लाइट लावले, त्यांच्यावरचे रंगीत जिलेटिन कागद बदलले. मी शेजारी बसलो. तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "पहिला स्पॉट मी तिथं टाकला रं. राज्य नाट्य स्पर्धा होती. चुकीच्या माणसावर टाकला." मग हसला. त्या दिवशी मी खोकले मोजले नाहीत असं नाही, मोजले, पण ते त्याला सांगितले नाहीत.

आता शीटचा जो खरा उपयोग झाला तो. दुसऱ्या अंकात ताईचं एक मोठं स्वगतासारखं बोलणं आहे, आईच्या कपाटातल्या वस्तू काढता काढता. तिथे कायम खोकला. दादर, पुणे, नाशिक, कुठेही, बारा ते पंधरा. मी पंचवीस प्रयोगांचा ग्राफ काढून दिग्दर्शकाला दाखवला, म्हटलं बघा, इथे डोंगर आहे. दिग्दर्शक म्हणाला, कापू या, दीड पान उडवतो. ताईने तो ग्राफ हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "दोन प्रयोग द्या मला. नाहीच झालं तर कापा."

पहिल्या प्रयोगाला काही फरक पडला नाही, चौदा. रात्री बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि विचारलं, खोकला नेमका कुठल्या शब्दावर सुरू होतो. मी सांगितलं, शब्दावर नाही, तुम्ही तिसऱ्या साडीची घडी घालायला घेता तेव्हा. ती गप्प झाली. मग म्हणाली, "लोक साड्या मोजतायत." म्हणजे तिच्यासमोर सहा साड्यांचा ढीग, ती बोलता बोलता एकेक घडी घालते, दिसायला छान, दिग्दर्शकाने विचार करूनच दिलेलं काम. पण लोकांना ढीग दिसतो, त्यांना कळतं की ढीग संपेपर्यंत हे चालणार, अजून तीन राहिल्या, अजून दोन, आणि तोवर खोकून घेऊ.

दुसऱ्या प्रयोगाला तिने ढीग कपाटातच ठेवला. एकच साडी काढली. तिची घडी घालायला घेतली, अर्धी घातली, आणि थांबली. पुढचं सगळं बोलणं ती अर्धी घडी हातात धरून. एक शब्द बदलला नाही. मी तालमीपासून ते साठएक वेळा तरी ऐकलं असेल, पाठ होतं मला, माझ्या मुलीलाही पाठ होतं. मी विंगेत होतो, हातात मोबाइल, मोजायला तयार.

त्या प्रयोगाचा तो रकाना रिकामा आहे. शून्य नाही, रिकामा. मोजायचं राहिलं. दादाने नंतर विचारलं, किती? मी म्हटलं माहीत नाही. तो म्हणाला, "मग झालं की."

पुढे बरंच झालं पण ते सगळं सांगत बसत नाही. पितृपक्षात बुकिंग पडलं, दिवाळीत चढलं, गोव्याचा चार दिवसांचा दौरा झाला, तिथले लोक प्रयोगानंतरही उठेनात, गप्पा मारायला आत आले. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन, 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं तो दिवस, मामांनी घंटेला हार घालून मला म्हटलं आज तू नारळ वाढव. बाबांना तीन वेळा नाटकाला आणलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले की ती साडीची जागा पहिल्यांदा बघितली तेव्हा नव्हती बरं का. मी सांगितलं नाही. फक्त एवढंच वाटलं की हा माणूस मला लहानपणी काय दाखवायला नेत होता, आणि मी वडा खाऊन झोपत होतो.

जानेवारीत चौऱ्याहत्तराव्या प्रयोगाला नाटक बंद झालं. भांडण नाही, काही नाही. मुख्य नटाला नवी सिरियल मिळाली, रिप्लेसमेंट करून तालमी करायच्या तर खर्च निघेल की नाही याचा हिशोब मीच मांडून दिला, आणि माझ्याच आकड्याने ते बंद झालं. निर्मात्याचे पैसे जेमतेम निघाले. मामांनी सगळ्यांच्या शेवटच्या नाइटी पाकिटात घालून दिल्या, मलाही एक पाकीट, नाइटवाल्यांसारखंच, वर पेनाने माझं नाव. सेट गोडाऊनला गेला. फेब्रुवारीत मला नोकरी लागली, आता मी परत डॅशबोर्ड बनवतो, तिथे कोणी खोकत नाही, सगळे म्यूटवर असतात.

नाटकं मात्र बघतो. महिन्यातून एखादं तरी, तिकिटालय या तिकिटांच्या अ‍ॅपवर पहिल्या दिवशीच प्लॅन बघून, शक्यतो मागची रांग, सगळ्यांचं ऐकू येतं म्हणून. बायको म्हणते तू नाटक बघतोस का लोक बघतोस.

मागच्या महिन्यात एक नवीन नाटक बघायला गेलो, दुसऱ्याच निर्मात्याचं, माणसं सगळी अनोळखी. पडदा उघडला, कोकणातलं घर, हिरव्या रंगाचं दार, वर तोरण. पाचेक मिनिटांनी बाहेरून त्या घरातला मुलगा येतो. त्याने कडी धरली, दार किंचित वर उचललं, आणि खांद्याने ढकललं.

अख्ख्या थिएटरात मी एकटा हसलो. बायकोने कोपर मारलं. मला तर वाकून त्या दाराच्या शेजारच्या फ्लॅटची पाठ बघायची होती, 'डा 4' माझ्या अक्षरात अजून आहे का ते.